विश्वसनीयता आणि देखभालसुलभता (अभियांत्रिकी)

एखादे यंत्र, बांधकाम किंवा प्रणाली ठरलेल्या परिस्थितीत ठरलेला काळ न बिघडता काम करील याची संभाव्यता म्हणजे तिची विश्वसनीयता. बिघडल्यावर ठरलेली माणसे आणि ठरलेली साधने वापरून ती ठरलेल्या वेळात पुन्हा चालू करता येईल याची संभाव्यता म्हणजे देखभालसुलभता. या व्याख्यांतले ‘ठरलेल्या परिस्थितीत’ हे शब्द वाचणारा घाईने ओलांडून जातो, आणि बहुतेक फसगत तिथेच होते. कोरड्या हवेच्या शहरात दहा वर्षे निमूट चाललेला विद्युत पॅनेल गोव्यातल्या बेतीच्या किंवा वास्कोच्या किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर मीठ येते, उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी मांडवी-जुवारी नद्यांतून बरेच आतपर्यंत चढते. इथे लागणाऱ्या वस्तूचा आराखडा या हवेसाठीच करावा लागतो, कॅटलॉगातल्या हवेसाठी नव्हे.

मापने : दोन बिघाडांमधला सरासरी काळ (एमटीबीएफ) आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ (एमटीटीआर) ही दोन मूळ मापे. पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागले की उपलब्धता, म्हणजे यंत्र चालू स्थितीत असण्याचे प्रमाण, मिळते. समजा एक पंप सरासरी दर १,००० तासांनी बंद पडतो आणि चालू व्हायला ५० तास लागतात, उपलब्धता ९५.२ टक्के. अधिक महागडा पंप आणून बिघाडांमधला काळ २,००० तासांवर नेला, तर ती ९७.६ टक्के होते. पंप तोच ठेवून दुरुस्तीचा काळ २५ तासांवर आणला, तरीही नेमकी ९७.६ टक्केच होते. दुसरा मार्ग सहसा स्वस्त पडतो, कारण त्या ५० तासांत हातात पाना असण्याचा वेळ तीन-चार तासांपेक्षा जास्त क्वचितच असतो. बाकीचा वेळ बिघाड कळण्यात, कारण शोधण्यात, माणूस येण्यात आणि मुख्यतः सुटा भाग मुंबईहून किंवा बेळगावहून येण्यात जातो. म्हणून दुरुस्तीच्या नोंदीत ‘बंद पडले’ आणि ‘चालू झाले’ एवढ्या दोनच वेळा लिहिणे अपुरे असते. काम सुरू केव्हा झाले आणि सामान केव्हा आले, हेही लिहिले तरच दोष कुठे आहे ते दिसते.

एमटीबीएफचा आकडा आयुष्य म्हणून वाचणे ही नेहमीची चूक. ५०,००० तास एमटीबीएफ असलेला पंखा पावणेसहा वर्षे टिकेल, असे त्यावरून ठरत नाही. बिघाडाचा दर स्थिर धरला, तर ५०,००० तासांनंतर अशा पंख्यांपैकी सुमारे ३७ टक्केच चालू असतात. हाच आकडा उलटा वाचणे जास्त उपयोगी : असे १०० पंखे अहोरात्र चालत असतील, तर दर ५०० तासांनी, म्हणजे जवळजवळ दर तीन आठवड्यांनी एक बंद पडणार. सुटे भाग त्या हिशेबाने ठेवावेत.

एकामागे एक जोडलेल्या घटकांची विश्वसनीयता गुणाकाराने घटते. प्रत्येकी ९९ टक्के भरवशाचे २० घटक ओळीने असले तर एकूण भरवसा ८२ टक्क्यांवर येतो. ५० असले तर ६० वर. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी मार्गावरची फेरीबोट ही अशीच ओळ : इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, सुकाणू, रॅम्प, आणि धक्कासुद्धा. यातले एक अडले की प्रवासी काठावर. जोडीला राखीव घटक दिला की आकडे झपाट्याने सुधारतात (प्रत्येकी ९० टक्क्यांचे दोन मिळून ९९ टक्के), पण दोघांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दोन जनरेटर एकाच तळघरात, एकाच डिझेल टाकीवर आणि एकाच दिवशी भरलेल्या बॅटऱ्यांवर असतील, तर राखीव फक्त कागदावर असतो. तळघरात पाणी शिरले किंवा डिझेलमध्ये पाणी आले की दोन्ही एकदमच जातात.

विकास : घटकांच्या गुणाकाराचा नियम दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ अस्त्रांच्या अपयशांतून ठसला. बिघाडाचे प्रकार व परिणाम यांची पद्धतशीर छाननी (एफएमईए) अमेरिकी लष्कराच्या १९४९च्या कार्यपद्धतीतून आली. आयुष्यमानाच्या विश्लेषणासाठी आज सर्रास वापरले जाणारे संभाव्यता-वितरण स्वीडनचे अभियंते वॉलोडी वायबुल यांनी १९५१च्या निबंधातून रूढ केले. दोषवृक्षाची (बिघाडापासून मागे जात त्याची कारणे झाडासारखी मांडण्याची) पद्धत १९६२ साली बेल प्रयोगशाळेत मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी तयार झाली.

मोठा धक्का १९७८मध्ये बसला. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानाच्या भागांचा अभ्यास मांडला, त्यात सुरुवातीला जास्त, मध्ये स्थिर आणि शेवटी पुन्हा वाढणारा असा टबाच्या आकाराचा बिघाड-आलेख फक्त ४ टक्के भागांना लागू पडला. वयाबरोबर बिघाड स्पष्ट वाढतो असे भाग एकूण ११ टक्केच निघाले. ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्याबरोबर सर्वांत जास्त होती. म्हणजे ‘दर वर्षी खोलून बघा’ या शिस्तीने बऱ्याच यंत्रांत चांगला बसलेला भाग उगाच हलवला जातो आणि सुरुवातीच्या बिघाडांचा धोका नव्याने ओढवला जातो. हे प्रमाण विमानांचे आहे, कारखान्यातले पंप किंवा गिअरबॉक्स जास्त झिजतात. तरी वर्षाच्या ओव्हरहॉलनंतरच्या पहिल्या आठवड्यात बिघाड वाढतात, हे कुठलाही मेंटेनन्स फोरमन सांगेल.

खारी हवा आणि ओल : किनारपट्टीवर बिघाडांची कारणे ठरावीक. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला कमी ‘श्रेष्ठ’, म्हणजे जास्त सहज गंजणारा, धातू खाल्ला जातो, आणि किती वेगाने ते क्षेत्रफळांच्या प्रमाणावर ठरते. मोठ्या पोलादी पत्र्याला स्टेनलेसचा बोल्ट चालतो. उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साध्या पोलादाचा बोल्ट लावला तर तो भराभर संपतो. ३०४ प्रतीचे स्टेनलेस समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तपकिरी पडते आणि फटींत खड्डे पाडून घेते. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ इथे लावावे. स्टेनलेस नट-बोल्ट कोरडे आवळले तर आटे एकमेकांत जाम होतात आणि शेवटी कापावे लागतात. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावायला एक मिनिट लागते.

बंद पेट्यांबद्दलचा गैरसमज तर फार पसरलेला आहे. आयपी-६७ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा, म्हणजे पेटी एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तगली. ती चाचणी गोड्या पाण्यात होते आणि गंज किंवा आत साचणारी ओल यांबद्दल काही सांगत नाही. दुपारी तापलेली पेटी संध्याकाळच्या सरीने गार होते, आतला दाब उतरतो आणि केबल आत शिरते तिथल्या ग्लँडमधून (सीलमधून) दमट हवा आत ओढली जाते. रात्री तिचे पाणी होते. असे शेकडो वेळा झाले की ‘जलरोधक’ पेटीच्या तळाशी पाणी सापडते. उपाय साधे आहेत : केबल खालून आणावी, पेटीला तळाशी श्वसन-निचरा प्लग द्यावा, छोटा हीटर ठेवावा आणि वर छपरी करावी. पाणी आत जाणारच असे धरून ते बाहेर पडायची वाट ठेवणे, हे सगळे सील दुप्पट करण्यापेक्षा जास्त टिकते.

फेरीबोट, बार्ज आणि मच्छीमार ट्रॉलर यांच्या तळाला जस्ताचे बळी-अॅनोड लावतात. जस्त झिजते, पोलाद वाचते. निम्मे झिजले की ते बदलायचे. गोदीत बोट वर घेतल्यावर रंगाऱ्याने तळाबरोबर जस्तावरही रंग फिरवला तर अॅनोड निकामी होतो, आणि पुढच्या गोदीपर्यंत ते कोणाला कळत नाही. शाफ्ट जिथे तळातून बाहेर पडतो तिथल्या ग्लँड पॅकिंगमधून (पाणी अडवायला शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या वेटोळ्यांतून) चालताना थोडे पाणी थेंब-थेंब गळलेच पाहिजे, कारण त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहते. नवखा माणूस गळती दिसली म्हणून ग्लँड आवळतो, पॅकिंग जळते आणि शाफ्टच्या स्लीव्हला खाच पडते. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी अडकून कोरडा फिरला तर काही मिनिटांत फाटतो. म्हणून गाळणी हाताने, हत्यारांशिवाय, बोट पाण्यात असतानाच काढता आली पाहिजे. हे आराखड्यात नसेल तर ती कोणी काढत नाही.

मांडवीवरचा पहिला पूल १९७०मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटला ताण देणाऱ्या पोलादी केबल गंजणे हे त्याचे कारण मानले जाते. विश्वसनीयतेइतकाच हा देखभालसुलभतेचाही धडा आहे, कारण काँक्रीटच्या पोटात गाडलेली केबल डोळ्यांना दिसत नाही आणि बदलता येत नाही. त्यानंतर पणजी-बेती ये-जा फेरीबोटींवर आली. २७ जानेवारी २०१९ला मांडवीवरच खुला झालेला अटल सेतू केबल-स्टेड, म्हणजे तिरप्या केबलांनी तोललेला, आहे. या प्रकारात केबल उघड्यावर असतात, तपासता येतात आणि सामान्यतः एकेक करून बदलता येतात.

मानस (खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार) : दुरुस्तीसाठीच घडवलेल्या प्रणालीचे गोव्यातले सर्वांत जुने चालू उदाहरण खाजन शेतीत आहे. सुमारे १८,००० हेक्टर खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल, जमीन चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगडाच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते. बांधातल्या मानशीच्या लाकडी झडपा पाण्याच्या दाबानेच चालतात : भरतीला नदीचे पाणी त्या मिटवते, ओहोटीला शेतातले पाणी त्या उघडते. मोटर नाही, वंगण नाही, चालवणारा माणूसही रोज लागत नाही. फळी कुजली तर गावातला सुतार ती दोन भरतींमधल्या वेळात बदलतो, बांधातले खेकड्याचे बीळ चिखल-पेंढ्याने बुजवतात. सामान तिथलेच, त्यामुळे वाट पाहण्याचा काळ जवळजवळ शून्य. या प्रणालीचा कमकुवत दुवा वेगळा आहे. भोक लहान असताना बुजवले नाही तर बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात पसरते आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भाताचे हंगाम जातात. ही राखण पूर्वी कोमुनिदादवर (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेवर) आणि पुढे कूळ संघांवर होती; ते जिथे ढिले पडले किंवा मासळीसाठी झडपा उघड्या ठेवल्या गेल्या, तिथे खाजन बुडाले. लाकडाऐवजी लोखंडी झडप बसवताना हाच प्रश्न आधी विचारायचा असतो : ती गंजल्यावर दोन भरतींमध्ये कोण बदलणार?

वीजवाहिन्यांत निवड अशीच दुधारी आहे. उघड्या तारांवर पावसाळ्यात माडाच्या झावळ्या आणि फांद्या पडतात, बिघाड वारंवार होतो, पण लाइनमनला तो खालून दिसतो आणि तासा-दोन तासांत सुटतो. भूमिगत केबल क्वचित बिघडते. बिघडली की मात्र दोष शोधायला यंत्र लागते, रस्ता खणावा लागतो आणि भर पावसात नवा जॉइंट कोरडा राखावा लागतो. ओल शिरलेला जॉइंट पुढच्या वर्षी पुन्हा जातो. भूमिगत केबल घालताना दोन्ही बाजूंनी पुरवठा देणारे वर्तुळ केले, तरच तिचा पूर्ण फायदा मिळतो.

आराखडा आणि निगा : भार कमी ठेवणे हा आयुष्य वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य आठवा भाग उरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंश सेल्सिअस गार चालवला तर तो ढोबळमानाने दुप्पट टिकतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक हे याच तत्त्वाचे रूप आहे : गाड्यांचा वेग उतरवला जातो, मुसळधार पावसात तो ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली येतो आणि दरडींच्या जागी गस्त वाढते. उशीर होतो, पण तो आधीच वेळापत्रकात धरलेला असतो.

तपासणी किती दिवसांनी करावी, हे बिघाडाची पहिली खूण दिसल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो यावर ठरते. तपासणीचे अंतर त्या वेळेच्या निम्म्याहून जास्त नसावे. बेअरिंगच्या कंपनात बदल दिसल्यावर दोन महिने मिळत असतील तर महिन्यातून एकदा मोजणी पुरते, वर्षातून एकदा केलेली मोजणी वाया जाते. आणीबाणीचा जनरेटर महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे आणि क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर चालवावा. नुसता रिकामा फिरवला तर न जळलेले डिझेल एक्झॉस्टमध्ये साचते. ऐन वेळी तो सुरू न होण्याचे कारण बहुधा इंजिन नसते, बॅटरी असते.

सुट्या भागांचा हिशेब अंदाजावर सोडू नये. दहा पंप, प्रत्येकाचे मेकॅनिकल सील (शाफ्टजवळची गळती रोखणारा भाग) सरासरी दोन वर्षे टिकते, नवे यायला दोन महिने लागतात : त्या दोन महिन्यांत सरासरी ०.८३ सील लागणार. कपाटात दोन ठेवली तर सुमारे ९५ टक्के वेळा पुरतात, तीन ठेवली तर ९९ टक्के. रबरी भाग मात्र गोव्याच्या उकाड्यात कपाटातच म्हातारे होतात, त्यांच्यावर तारीख घालावी.

चाचणी आणि खरेदी : एकही बिघाड न होता विश्वसनीयता सिद्ध करायची तर नमुने बरेच लागतात. ९० टक्के विश्वसनीयता ९० टक्के खात्रीने दाखवायला २२ नमुने, ९५ टक्के ९५ टक्के खात्रीने दाखवायला ५९. तीन नमुने तपासून ‘टेस्टेड’ शिक्का मारणाऱ्या पुरवठादाराला हे आकडे दाखवावेत. ५ टक्के मिठाच्या ३५ अंश सेल्सिअसच्या फवाऱ्याची चाचणी दोन लेपांची तुलना करायला ठीक आहे, पण तिचे तास समुद्रकाठच्या वर्षांत बदलता येत नाहीत.

देखभालसुलभता निविदेत लिहिली नाही तर मिळत नाही. लिहिण्याजोगे थोडेच असते : नेहमी बदलायचे भाग दुसरे काही न काढता निघावेत, एका माणसाने उचलायचा भाग २५ किलोच्या आत असावा, सगळ्या झाकणांचे बोल्ट एक-दोन मापांचेच असावेत, दोन कनेक्टर अदलाबदल होऊ शकतील असे नसावेत, आकृत्या कंत्राटदाराकडे न राहता यंत्राजवळच्या पेटीत असाव्यात. ताबा घेताना पुरवठादाराच्या तज्ज्ञाला बाजूला उभे करून आपल्याच फिटरला मॅन्युअल वाचत सील काढून पुन्हा बसवायला लावावे आणि घड्याळ लावावे. कबूल केलेल्या वेळेच्या दुप्पट लागले तर शेवटचा हप्ता रोखायला तेवढे कारण पुरते, मात्र ही अट करारात आधीपासून असायला हवी.