ट्रॅप कॅमेरा (सह्याद्रीतील वन्यजीव सनियंत्रण)

समोरून प्राणी जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे, झाडाला किंवा खुंटाला बांधलेले यंत्र. सातारा जिल्ह्यातील कोयना अभयारण्य (१९८५) आणि सांगली, सातारा व लगतच्या जिल्ह्यांत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) यांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथील वन्यजीव संशोधकाच्या कामात ठसे व विष्ठेच्या जोडीला हे यंत्र आता अनिवार्य झाले आहे.

तंत्राच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील जॉर्ज शायरस याने बहुधा १८९० च्या दशकात वाटेवर तार ताणून, प्राण्याचा धक्का लागताच झगझगाट होऊन छायाचित्र निघेल अशी योजना केली. त्याची रात्रीची छायाचित्रे १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आली. जर्मन निसर्गछायाचित्रकार शिलिंग्ज याचे पूर्व आफ्रिकेतील कामही साधारण त्याच सुमाराचे. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत अशाच युक्तीने वाघ टिपले आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो हेही नोंदवले. तथापि वाघाचे चित्र मिळणे आणि त्यावरून संख्या काढणे या भिन्न गोष्टी आहेत. या दुसऱ्या अर्थाने तंत्राचा आरंभ वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांच्या कर्नाटकातील नागरहोळे येथील १९९० च्या दशकातील कामापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६६ च्या सुमारास वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी रूढ केलेली, पायांच्या ठशांवरून होणारी वाघांची गणना राजस्थानातील सारिस्कातले वाघ नाहीसे झाल्यानंतर (२००५) मागे पडली.

आजच्या यंत्रातील संवेदक हलत्या शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक ओळखतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात तापलेल्या कातळसड्यावर तो कधी प्राणी चुकवतो, तर कधी हलत्या गवताचीच छायाचित्रे काढतो. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे निराळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी लावतात. तोच वाघ पुन्हा किती वेळा व कोठे दिसला यावरून, न दिसलेल्यांसह एकूण संख्येचा अंदाज बांधतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी पाणवठ्यावरील नोंद यापेक्षा वेगळी. तिच्यातून असा अंदाज निघत नाही.

सह्याद्रीत खरा प्रश्न अनुपस्थितीच्या अर्थाचा आहे. येथे वाघांची घनता अत्यल्प, उतार तीव्र, पाऊस प्रचंड. पावसाळ्यात कॅमेरे चालवणे कठीण. प्रकल्प झाल्यावर अनेक वर्षे वाघाचे छायाचित्र नव्हते. ते मे २०१८ मध्ये चांदोलीत मिळाले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये एक नर टिपला गेला. मधल्या रिकाम्या वर्षांवरून ‘वाघ नाही’ असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही: जंगलाच्या किती भागात, किती रात्री कॅमेरे चालू होते, हे सांगितल्याशिवाय रिकाम्या चित्रमालिकेला अर्थ येत नाही. २०२५ च्या अखेरीस ताडोब्याहून आणलेल्या वाघिणीच्या गळ्यात मात्र रेडिओ कॉलर (संदेश पाठवणारा पट्टा) असल्याने तिचा माग निराळ्या पद्धतीने लागतो.

या क्षेत्रात येणारे बहुधा प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर असतात. नेमणुका बऱ्याचदा कंत्राटी. वाटा, पाणवठे आणि ओरखड्यांची झाडे यांची माहिती त्यांना वनरक्षक व वनमजुरांकडूनच मिळते.

गवा, सांबर, अस्वल, रानकुत्रा यांच्या अंगावर ओळखीच्या ठळक खुणा नसतात. त्यांच्याबाबत छायाचित्रांतून वावर आणि वेळ कळते, संख्या सहसा कळत नाही.