सांता मोनिका मठ, जुने गोवे

जुने गोवे येथील मोन्ते सांतो टेकडीवरचा ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा बंदिस्त मठ. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याची स्थापना केली; काम १६२७ च्या सुमारास पुरे झाले. इमारत चिऱ्यांची, तिमजली, चौकाभोवती बांधलेली असून भिंतींना बाहेरून प्रचंड टेकू दिले आहेत. प्रवेशासाठी हुंडा लागे, त्यामुळे घराणेदार पोर्तुगीज कुटुंबांतील मुलींचा भरणा अधिक असे.

गोव्यात धर्मछळ म्हटला की इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) आणि रातोरात अंत्रुजात (फोंडा परिसरात) नेलेली दैवते आठवतात, ते रास्तच आहे. या मठाला जाच झाला तो मात्र त्याच पोर्तुगीज सत्तेचा. मठात मालमत्ता अडकून पडते आणि लग्नाच्या मुली कमी होतात, अशी तक्रार नगरसभेने राजाकडे वारंवार केली. वाद तापलेला असतानाच १६३६ मध्ये मठातील क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडले व जखमांतून रक्त वाहिले, असे धर्मभगिनींनी सांगितले. मठाचे कैवारी फ्रायर (धर्मसंघातील साधू) दियोगु द सांत आना यांनी या घटनेचा हिरिरीने पुरस्कार केला. श्रद्धाळू तिला दैवी कौल मानतात. काही अभ्यासक नगरसभेशी चाललेल्या झगड्याच्या संदर्भात ती वाचतात. दुसरे मत अधिक पटते, पण त्यावरून धर्मभगिनींची श्रद्धा बनावट होती असे ठरत नाही. ‘अश्रू ढाळणाऱ्या क्रूसाचे’ चॅपेल आजही मठाला लागून आहे. त्याच वर्षाअखेरीस मठाला आग लागली, तो पुन्हा बांधावा लागला.

खरा घाला १८३४ च्या पोर्तुगीज फर्मानाने आला. पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त झाले आणि १८३५ मध्ये शेजारच्या मठातील ऑगस्टिनियन फ्रायर गेले. पिढ्यान्‌पिढ्या धर्मभगिनींचे गुरू याच संघाचे. त्या मठाच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. धर्मभगिनींना कोणी हाकलले नाही. फक्त नव्या मुली घेण्यास बंदी झाली. हौतात्म्याला वाव नसलेली ही शिक्षा होती. कोणाचे मरण झाले की प्रार्थनेतली एक जागा कायमची रिकामी राही. तरीही मठ सुमारे अर्धशतक टिकला. शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये निवर्तली असे सर्वसाधारणपणे मानतात.

बेबिंका हा थरांचा गोवेकरी गोड पदार्थ याच मठातील एका धर्मभगिनीने प्रथम केली, ही आख्यायिका होय.

इमारतीत १९६४ पासून धर्मभगिनींसाठीची मातेर देई संस्था आहे. ख्रिस्ती कला संग्रहालय राशोलहून येथे २००२ मध्ये आले.