आइस हॉकीतील बचावपटूची व्यावसायिक कारकीर्द : पात्रता, मुदती आणि हमखास अडणारी कागदपत्रे

आइस हॉकीत बचावपटू आघाडीच्या खेळाडूपेक्षा उशिरा तयार होतो, ही प्रशिक्षकांमध्ये सर्वमान्य समजूत आहे. समोरचा खेळाडू पूर्ण वेगाने अंगावर येत असताना उलट्या दिशेने स्केटिंग करत अंतर राखायचे, पक (खेळातली रबरी चकती) हिसकावायचा आणि तो दडपणाखाली अचूक पुढे द्यायचा, हे कसब अंगी मुरायला वर्षे लागतात. नियमांतल्या तारखा मात्र कोणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे खेळात कमी न पडलेली मुलेही एखादी तारीख चुकीची वाचल्याने किंवा नववीचे गुणपत्रक न सापडल्याने मागे राहतात, आणि हे वर्षानुवर्षे चालू आहे. कॅनडा आणि अमेरिकेतील रिंकवर आता आपली मराठी मुलेही दिसतात. त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून नेहमी अडणाऱ्या जागा येथे सविस्तर दिल्या आहेत, आणि जे सरळ आहे ते एका वाक्यात आटोपले आहे.

ड्राफ्टची पात्रता : १५ सप्टेंबर ही तारीख

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या वार्षिक ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेसाठी, कोणताही अर्ज नसतो. वयाच्या नियमात बसणारा खेळाडू आपोआप पात्र ठरतो. ‘ड्राफ्टमध्ये नाव नोंदवून देतो’ असे सांगून कोणी शुल्क मागत असेल, तर त्याला एक डॉलरही देऊ नये.

उत्तर अमेरिकेत खेळणाऱ्या खेळाडूसाठी नियम असा आहे की, ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत त्याला १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्याचे वय २० पेक्षा जास्त नसावे. म्हणजे २०२६ च्या ड्राफ्टसाठी १ जानेवारी २००६ ते १५ सप्टेंबर २००८ या काळात जन्मलेले खेळाडू पात्र आहेत.

घोटाळा होतो तो कॅनडातील वयोगटांच्या पद्धतीमुळे. तेथे लहान वयाचे संघ जन्माच्या कॅलेंडर वर्षाप्रमाणे बनतात. त्यामुळे ‘२००८ ची मुले’ दहा-बारा वर्षे एकत्र खेळतात आणि सगळी एकाच वर्षी ड्राफ्टला जाणार, असे पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात १६ सप्टेंबरपासून पुढे जन्मलेल्या मुलांची पाळी एक वर्ष उशिरा येते. ह्यूज घराण्यातील दोन बचावपटू भावांचे उदाहरण पाहावे. क्विन ह्यूजचा जन्म १४ ऑक्टोबर १९९९ चा, त्यामुळे तो २०१८ मध्ये पात्र ठरला. धाकटा ल्यूक ९ सप्टेंबर २००३ चा, म्हणून त्याची निवड २०२१ मध्येच झाली. तो आठवडाभर उशिरा जन्मता तर त्याला २०२२ पर्यंत थांबावे लागले असते. २०२५ मध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेलेला बचावपटू मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७ चा आहे, म्हणजे मुदतीच्या केवळ दहा दिवस आधीचा. त्या हंगामात हंसळीचे हाड मोडल्यामुळे त्याला ज्युनिअर संघाकडून फक्त १७ सामने खेळता आले होते.

या तारखेबाबत सवलत मिळत नाही. २००३ मध्ये फ्लोरिडाच्या संघाने १७ सप्टेंबर १९८५ रोजी जन्मलेल्या अलेक्झांडर ओव्हेच्किनला एक वर्ष आधीच निवडण्याचा प्रयत्न केला होता. लीप वर्षांचे जादा दिवस मोजले तर तो पात्र ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. लीगने तो साफ नाकारला. एका संपूर्ण संघाच्या व्यवस्थापनाला जे जमले नाही, त्यासाठी पालकांनी पत्रव्यवहारात वेळ घालवू नये.

याच नियमाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. १५ सप्टेंबरपूर्वी जन्मलेल्या मुलाला तीन ड्राफ्टमध्ये संधी मिळते, तर नंतर जन्मलेल्याला दोनच. उशिरा फुलणाऱ्या बचावपटूसाठी हा फरक मोठा आहे. अर्थात तिन्ही वर्षे नाव पुकारले गेले नाही, तरी वाट बंद होत नाही, कारण त्यानंतर तो कोणत्याही संघाशी थेट करार करू शकतो. मार्क जिओर्डानोला कोणीच ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. २००४ मध्ये कॅल्गरीच्या संघाने त्याच्याशी करार केला, मधला एक हंगाम तो मॉस्कोमध्ये खेळला, आणि २०१९ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी त्याने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळवला. म्हणूनच १८ व्या वर्षी निवड झाली नाही म्हणून मुलाचे शिक्षण आणि कागदपत्रे वाऱ्यावर सोडू नयेत. त्यांची खरी गरज पुढेच लागते.

महाविद्यालयाचा मार्ग : जुना सल्ला आता चुकीचा आहे

पूर्वी कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे सीएचएलमध्ये, एखादा सामना खेळला तरी अमेरिकी महाविद्यालयीन हॉकीची पात्रता जात असे. केल मकार हा आजचा अव्वल बचावपटू त्यामुळेच अल्बर्टाच्या दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि तेथून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला. अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडूही पात्र ठरू लागले. तरीही जुना सल्ला आजही छातीठोकपणे दिला जातो, आणि तो ऐकून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे निर्णय चुकतात.

नवीन नियमालाही दोन मर्यादा आहेत. खेळाडूने प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त मोबदला घेतलेला नसावा, आणि एनएचएलच्या करारावर सही केलेली नसावी. ड्राफ्टमध्ये निवड होणे आणि करारावर सही करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड झाल्याने पात्रता जात नाही, सहीने जाते.

एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे ऑनलाइन खाते उघडणे, शुल्क भरणे आणि आजवर खेळलेल्या सर्व संघांची नावे कालावधीसह भरणे, हे काम सोपे आहे. फक्त एकही संघ गाळू नये. शरद सत्रात प्रवेश घेणाऱ्यांनी हौशी दर्जाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून करावयाची असते. ती आपोआप होत नाही.

सोळा विषय आणि ‘पाचवे वर्ष’

सर्वाधिक अर्ज मार खातात ते शालेय विषयांत. एनसीएएच्या प्रथम श्रेणीसाठी (डिव्हिजन वन, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचा सर्वोच्च स्तर) नववी ते बारावीत १६ मुख्य विषय लागतात : इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, या तिन्हींपैकी आणखी एक, सामाजिक शास्त्रे दोन आणि उरलेले चार मान्य यादीतून. सरासरी अमेरिकी पद्धतीने ४ पैकी किमान २.३ हवी. त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावेत आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावेत. हे दहा विषय एकदा गोठले की, गुण सुधारण्यासाठी ते पुन्हा देऊन उपयोग होत नाही.

ज्युनिअर हॉकी खेळणारी मुले संघाबरोबर गावे आणि शाळा बदलतात, हंगामात कमी विषय घेतात आणि राहिलेले नंतर उरकू असे ठरवतात. ऑन्टारिओत बारावीनंतर आणखी एक वर्ष शाळेत काढण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि शाळेचे समुपदेशकही ती निःशंकपणे सुचवतात. परंतु एनसीएएच्या हिशेबाने नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत शिक्षण पूर्ण झाले पाहिजे, आणि वेळेवर उत्तीर्ण झालेल्याला त्यानंतरच्या वर्षभरात केवळ एकच जादा विषय मोजून मिळतो. पाचव्या वर्षात घेतलेले तीन-चार विषय, त्यात कितीही उत्तम गुण पडले तरी, वाया जातात. शाळेचा दाखला हातात, प्रशिक्षकाचा होकार हातात, आणि तरीही मूल अपात्र, अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ नये. म्हणून नववीतच शाळेच्या मान्य विषयांची यादी पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर पाहून ठेवावी. बाहेरून ऑनलाइन घेतलेला विषय शाळेने स्वीकारला म्हणजे तो केंद्रानेही स्वीकारला, असे होत नाही.

नववीचे गुणपत्रक

आई-वडिलांच्या नोकरीमुळे ज्या मुलांचे एखादे वर्ष पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकला गेले आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. केंद्र नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचा निकाल मागते, मग ते वर्ष कोणत्याही देशात गेलेले असो. आपल्याकडे दहावीचे बोर्डाचे गुणपत्रक घरोघरी लॅमिनेट करून कपाटात ठेवलेले असते, पण नववीचा निकाल शाळेच्या पातळीवरचा असल्याने त्याचे प्रगतिपुस्तक घर बदलताना रद्दीत जाते. नंतर शाळेकडे मागणी केली की जुनी रजिस्टरे शोधावी लागतात, लिपिक बदललेले असतात, आणि मुलाच्या प्रवेशाची मुदत कोणाच्याच टेबलावर नसते. त्यामुळे भारत सोडतानाच शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत नववीच्या निकालाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत घ्यावी. ती मराठीत असेल तर तिचे ओळीस ओळ इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून मूळ प्रतीसह जोडावे. टक्केवारीचे अमेरिकी श्रेणीत रूपांतर स्वतः करू नये. केंद्राकडे प्रत्येक देशासाठी वेगळा तक्ता असतो आणि आपण केलेल्या रूपांतरामुळे केवळ शंका निर्माण होतात.

नावाचाही त्रास होतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर मुलाचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात. कॅनडातील शाळेत आणि संघाच्या नोंदीत केवळ मुलाचे नाव आणि आडनाव. परदेशातील तपासनिसाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. ही सर्व नावे एकाच मुलाची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून फाइलमध्ये ठेवावे.

पहिला करार

एनएचएलच्या प्रवेश-स्तर कराराची मुदत वाटाघाटीने ठरत नाही, वयाने ठरते. सहीच्या वर्षी १५ सप्टेंबरला खेळाडू १८ ते २१ वर्षांचा असेल तर तीन वर्षे, २२-२३ चा असेल तर दोन आणि २४ चा असेल तर एक वर्ष. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळले, तर कराराचे ते वर्ष वापरले गेले असे मानत नाहीत आणि करार पुढे सरकतो. अनेक तरुण बचावपटूंना नऊ सामन्यांनंतर ज्युनिअर संघाकडे परत धाडले जाते, त्यामागे हे एक कारण असते. त्याला नामुष्की समजू नये.

करारासाठी प्रतिनिधी नेमायचा तर तो खेळाडू संघटनेकडे अधिकृतपणे नोंदलेला आहे याची खात्री करावी. तसेच १६ सप्टेंबर २०२६ पासून लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील नवा सामूहिक करार लागू होत आहे. निवडलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क किती काळ राहतो, याच्या जुन्या लेखांतील मुदतींवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.

सीमा ओलांडताना

कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना असणे आणि कॅनडाचे नागरिक असणे, यातला फरक हॉकीच्या घरांत फार उशिरा लक्षात येतो. अमेरिकी संघाने खेळाडूसाठी पी-१ दर्जाचा (परदेशी खेळाडूंना तेथे खेळण्यासाठी मिळणाऱ्या परवानगीचा) अर्ज मंजूर करून घेतला की कॅनडाचा नागरिक ते मंजुरीपत्र दाखवून सीमेवरच प्रवेश मिळवू शकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला मात्र आधी वकिलातीत जाऊन व्हिसाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि मुलाखतीची तारीख हंगाम पाहून मिळत नाही. बफेलो किंवा डेट्रॉइटला दोन दिवसांच्या स्पर्धेला जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलालाही पर्यटक व्हिसा लागतोच. नागरिकत्वाला पात्र झाल्यावर तो अर्ज लांबणीवर टाकणाऱ्या पालकांनी ही बाब विचारात घ्यावी.

महाविद्यालयासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यावर असलेल्या खेळाडूने जाहिरात किंवा प्रायोजकत्वाचे पैसे घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. संघातील अमेरिकी मित्र ते सर्रास घेतात, म्हणून आपल्यालाही चालतील असे समजल्यास व्हिसाच धोक्यात येतो.

भारताकडून खेळायचे असल्यास

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे आणि लडाखच्या खेळाडूंच्या बळावर आपल्या महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. परदेशात वाढलेल्या मुलाला या संघात खेळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळाडू देशाचे प्रतिनिधित्व करू शकतो. नागरिकत्व बदलले तरी महासंघाची अट उरतेच : नव्या देशातील स्पर्धांत सलग दोन हंगाम, किमान ४८० दिवस, खेळलेले असावे आणि त्या काळात अन्यत्र खेळलेले नसावे. पूर्वी दुसऱ्या देशाकडून अधिकृत स्पर्धा खेळली असेल, तर हा काळ चार वर्षांचा होतो आणि असा बदल आयुष्यात एकदाच करता येतो. एका देशाच्या संघटनेकडून दुसऱ्या देशाकडे जाताना मिळणारे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण पत्र हाच या काळाचा पुरावा असतो. ते क्लबच्या कार्यालयातच राहू न देता त्याची तारीख स्पष्ट दिसेल अशी प्रत घरच्या फाइलमध्येही ठेवावी.