पोलिसी बळाचा अतिवापर : नुकसानभरपाईचे दावे

अटक, चौकशी किंवा बंदोबस्ताच्या वेळी पोलिसांनी गरजेपलीकडे बळ वापरून एखाद्याला जखमी केले वा त्याचा जीव घेतला, तर त्याने किंवा वारसांनी शासनाकडे मागितलेली भरपाई. भारतात असे गाजलेले दावे दिवाणी न्यायालयात नव्हे, तर उच्च वा सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका (मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी थेट केलेला अर्ज) म्हणून लढले गेले. दिवाणी दाव्यात ‘सार्वभौम कृत्या’ची, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेल्या कामाबद्दल शासन भरपाई देणे लागत नाही या तत्त्वाची, ढाल आडवी येते. मेरठ पोलिसांनी जप्त केलेले सोने घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, तरीही कस्तुरीलाल खटल्यात (१९६५) मालकाला भरपाई नाकारली गेली.

ही ढाल रिट याचिकेपुरती निकामी झाली ती नीलाबती बेहरा खटल्याने (१९९३). ओडिशातील जेराईकेला पोलीस चौकीत १ डिसेंबर १९८७ ला नेलेल्या २२ वर्षांच्या तरुणाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. बांधलेली दोरी दातांनी कुरतडून तो पळाला आणि गाडीखाली आला, असा पोलिसांचा बचाव होता. जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत तो टिकला नाही. जखमा कोठडीतल्या मारहाणीच्या ठरल्या. आईने पाठवलेले पत्रच न्यायालयाने याचिका मानले आणि दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला. जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग झाला असेल, तर सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, हे त्यातून पक्के झाले.

पैसे मात्र सरकारी तिजोरीतून जातात. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्यातून फिरवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १०,००० रुपये पोलीस निरीक्षकाला स्वतः भरायला सांगितले होते; सर्वोच्च न्यायालयाने (१९९१) तो भार राज्यावर टाकला. दोषी अधिकाऱ्याकडून ही रक्कम वसूल करण्याची मुभा शासनाला आहे, पण त्याच शासनाने आपल्याच माणसामागे लागायचे, अशी ही गंमत.

महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाचे कलम १६१ कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याविरुद्धच्या कारवाईला मुदतीचे बंधन घालते. चौकशीत मारहाण करणे हे कर्तव्याच्या कक्षेत येत नाही, असे आत्माराम खटल्यात ठरल्याने पोलिसांची ही पळवाट अरुंद झाली.

खरी अडचण पुराव्याची. कोठडीत तिसरा माणूस नसतो. म्हणून डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपण्याचा आदेश झाला.