रिसायकल बिन रिकामा केल्यावर नेमकं काय पुसलं जातं?

विंडोजमध्ये डिलीटचं बटण दाबलं की फाइल पुसली जात नाही, ती रिसायकल बिनमध्ये जाते, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. पण ती डिस्कवरच्या आपल्या जागेवरून हलतही नाही, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चार जीबीचं लग्नाचं शूटिंग आणि एक पानी अर्ज सारख्याच झटक्यात बिनमध्ये जातात, ते त्यामुळेच. बदलतो तो फक्त फाइलचा पत्ता आणि नाव.

पेन ड्राइव्हसारखे काढता-घालता येणारे सोडले तर विंडोजच्या प्रत्येक ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं एक लपवलेलं रिसायकल बिन फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक युजर अकाउंटसाठी वेगळा कप्पा असतो. डिलीट केलेल्या फाइलला तिथे नवं नाव मिळतं: डॉलर, मग ‘आर’, मग कशीही जुळवलेली सहा अक्षरं-अंक आणि शेवटी मूळचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातलं टिंबानंतरचं शेपूट. तिच्या जोडीला आणखी एक चिमुकली फाइल तयार होते. सहा अक्षरं तीच, फक्त ‘आर’च्या जागी ‘आय’. या दुसऱ्या फाइलमध्ये मूळ फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती, किती मोठी होती आणि कधी डिलीट झाली, एवढंच लिहिलेलं असतं. आपण ‘रिस्टोर’ म्हणतो तेव्हा विंडोज ही नोंद वाचून फाइल मूळ जागी नेऊन ठेवतं. डिलीट केल्याची वेळ १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांमध्ये मोजलेली असते. सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना या चिमुकल्या फाइलींमध्ये भारी रस असतो, कारण कुठल्या अकाउंटवरून, कुठली फाइल, किती वाजता काढली, हे सगळं त्यांना तिथे आयतं मिळतं.

बिन रिकामा केला की मात्र खरी गंमत सुरू होते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत जागचं हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फाइली साठवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची एका मोठ्या तक्त्यात साधारण १०२४ बाइटची नोंद असते. फाइल कायमची डिलीट केली की त्या नोंदीवरची ‘वापरात आहे’ ही खूण काढली जाते आणि तिने अडवलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. हार्ड डिस्कवर मजकूर जसाच्या तसा पडून असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला तो वाचता येतो.

फाइली साठवण्याच्या जुन्या एफएटी पद्धतीत हे आणखी उघड दिसतं. तिथे डिलीट करताना फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर काढून त्या जागी २२९ हा अंक लिहिला जातो. म्हणूनच १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधली ‘अनडिलीट’ कमांड फाइल परत आणण्याआधी विचारायची, पहिलं अक्षर काय होतं ते सांगा. ते अक्षर तिलाही माहीत नसायचं. आजही कितीतरी पेन ड्राइव्ह एफएटी३२ वर, म्हणजे याच पद्धतीच्या एका प्रकारावर, चालतात. पण फाइलचं नाव मराठीत असेल तर ही अडचण येत नाही. देवनागरी नावं जुन्या आठ अक्षरांच्या चौकटीत बसत नाहीत, त्यामुळे ती लांब नावांसाठीच्या वेगळ्या नोंदींमध्ये ठेवली जातात. त्या नोंदीचा पहिला बाइट हा नुसता क्रमांक असतो, आणि २२९ चा शिक्का बसतो तो त्या क्रमांकावर. ‘दिवाळी’मधला ‘दि’ शाबूत राहतो.

एफएटीमध्ये खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. फाइलचे तुकडे कुठून कुठे गेलेत, याची साखळी डिलीट करताना पुसली जाते. फाइल सलग लिहिलेली असली तर ती सुखरूप निघते. विखुरलेली असली तर फोटोचा वरचा अर्धा भाग मिळतो आणि खाली करडा पट्टा.

नोंदीच नाहीशा झाल्या, म्हणजे उदाहरणार्थ कार्ड फॉरमॅट केलं, तर सॉफ्टवेअर नोंदींचा नाद सोडून थेट मजकुरात शोधतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटनी होते (२५५, २१६, २५५) आणि शेवट २५५, २१७ ने. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. आताच्या वर्ड फाइलीच्या सुरुवातीला ‘पीके’ सापडतं. ही वर्ड फाइल आतून झिप फाइलच असते, आणि ‘पीके’ ही झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशाच खुणा शोधत डिस्क पालथी घालतं. फाइली मिळतात, पण मूळ नावं मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी समोर येतात आणि ते लावत बसण्यात आठवडा जातो.

या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईघाईने रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच ड्राइव्हवर टाकणं. हवी असलेली फाइल जिथे आहे त्याच मोकळ्या जागेत ते सॉफ्टवेअर जाऊन बसू शकतं. मायक्रोसॉफ्टचं २०२० मधलं विंडोज फाइल रिकव्हरी म्हणूनच मिळालेल्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायला लावतं. हरवलेली फाइल सी ड्राइव्हवर असेल तर कॉम्प्युटर बंद करावा आणि डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून शोधावं. ब्राउझर नुसता उघडा असला तरी तो सतत काहीतरी लिहीत असतो.

आतापर्यंतचं सगळं हार्ड डिस्कच्या जमान्याचं. ‘डिलीट केलेलं काहीही परत आणता येतं’ ही समजूतही त्याच जमान्यातली, आणि आताच्या बहुतेक लॅपटॉपच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे, कारण त्यांत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर चालणारी डिस्क, असते. तिच्यातल्या फ्लॅश मेमरीवर भरलेल्या जागेत थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा मोठा ब्लॉक पुसावा लागतो. हे काम ऐनवेळी करावं लागू नये म्हणून ट्रिम नावाची सोय आली. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल कायमची काढली की विंडोज एसएसडीला कळवतं की या जागेतला मजकूर आता नको. मग एसएसडी सवडीने ती जागा साफ करते, आणि तोवरही कुणी ती वाचायला गेलं तर बहुधा नुसती शून्यं हाती येतात. ‘शंभर टक्के रिकव्हरी’च्या जाहिराती ही गोष्ट शिताफीने टाळतात. बिनमध्ये असेपर्यंत फाइल सुरक्षित असते. एसएसडीवर बिन रिकामा झाला की आशा जवळपास संपते. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं मात्र बहुतेक वेळा ट्रिमच्या तावडीत सापडत नाहीत, त्यामुळे त्यांवरचे फोटो अजूनही परत मिळतात. तेवढंच बरं, कारण पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जातच नाही.

जुना कॉम्प्युटर विकणाऱ्याने याची दुसरी बाजूही बघावी. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत या अमेरिकेतल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांमधून ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर मिळाले. आजच्या हार्ड डिस्कवर सगळ्या जागेत एकदा शून्यं लिहिली तरी पुरतं. पस्तीस वेळा लिहावं लागतं ही १९९६ च्या एका लेखातून पसरलेली समजूत आहे.

फाइल क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर चालवण्याआधी तिथली ट्रॅश उघडून बघावी. लॅपटॉपवरचा बिन रिकामा केला तरी ती वेगळी राहते: गुगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हवर ३० दिवस, तर गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस.