पोटऱ्या दुखतात, दोष गोळीचाच का?

अँजिओप्लास्टी झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की ही गोळी स्नायू खाते. काकांचं दुखणं खरं होतं. पण ते गोळीचंच होतं का?

स्टॅटिन गटातल्या या औषधांचं काम यकृतात चालतं. यकृताच्या पेशींवर ओएटीपी१बी१ नावाचं प्रथिन असतं. रक्तातून आलेल्या स्टॅटिनला आत घेणारं हे दारच. त्याच्या जनुकात ५२१व्या जागी डीएनएच्या टी या अक्षराऐवजी सी हे अक्षर आलं, की प्रथिनातलं १७४वं अमिनो आम्ल बदलतं. व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलानिन. एवढ्याशा फरकानं दार नीट उघडेनासं होतं, औषध रक्तात साचतं आणि स्नायूंपर्यंत पोचतं. मला हे दरवेळी थक्क करतं! सिम्वास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणाऱ्यांचा ब्रिटनमधला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आईवडील दोघांकडूनही सी मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना पाच वर्षांत स्नायूविकार झाला; एकही सी नसलेल्यांत ०.६ टक्के. एवढा डोस आता कुणाला नव्यानं सुरू करत नाहीत.

पण साध्या अंगदुखीची गोष्ट वेगळी. लंडनमध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि चार महिने रिकामी बाटली दिली, महिने उलटसुलट करून. ते रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण देत. सरासरी आली रिकाम्या बाटलीला ८, खोट्या गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. मनातली धास्तीसुद्धा अंग दुखवते, आणि ते दुखणं नाटक नसतं.

‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के असतं. ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. तेव्हा तिथंही सुटका नाही.

लघवी चहासारखी गडद झाली, हातपाय गळून गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, तपासा आणि सोबत थायरॉइडही, कारण थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात.

काकांचं सीपीके किंचितच जास्त होतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारं संप्रेरक, मात्र बरंच वाढलेलं निघालं.