रेकॉर्ड वेगळा, मार्जिन वेगळं: एनबीएचे पहिले काही आठवडे कसे वाचायचे

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, सुरू होऊन तीन आठवडे झाले की दरवर्षी तोच प्रकार. स्टँडिंग्ज म्हणजे टीमचा तक्ता उघडायचा, कोण ८-२ (आठ जिंकल्या, दोन हरल्या) आहे, कोण ३-७ आहे बघायचं आणि लगेच फैसला, ही टीम यंदा खतरनाक, त्या टीमचं काही खरं नाही, कोचला काढा. मुंबईत तर आपल्यातल्या बहुतेकांना मॅच पूर्ण बघायलाच मिळत नाही, ईस्टकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे पाच-सहाला सुरू होते आणि वेस्ट कोस्टवाली सकाळी साडेआठ-नऊला, म्हणजे नेमकं आपण दादरला गाडी बदलत असतो तेव्हा, मग हातात उरतो तो नुसता निकाल. जिंकले का हरले एवढंच.

आता इथे दोन गोष्टींची कायम गल्लत होते. एक म्हणजे रेकॉर्ड, किती जिंकल्या किती हरल्या. दुसरी म्हणजे मार्जिन, म्हणजे सगळ्या मॅच मिळून टीमने समोरच्यांपेक्षा किती पॉइंट जास्त केले किंवा कमी केले. सीझन संपताना, ८२ मॅच झाल्यावर, या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच दिशेला बोट दाखवतात. पण सुरुवातीच्या पंधरा-वीस मॅचमध्ये त्या एकमेकींपासून पार लांब असू शकतात, आणि लोक रेकॉर्ड बघून जे बोलतात ते खरं तर मार्जिन बघून बोलायचं असतं.

क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल कारण आपण नेट रन रेट बघत मोठे झालोय. २०१४ मध्ये वानखेडेवर राजस्थानविरुद्ध मुंबई इंडियन्सला १९० रन नुसते करून चालणार नव्हतं, ते चौदा-पंधरा ओव्हरमध्येच करायचे होते, आणि आदित्य तरेच्या त्या सिक्सवर टीम प्लेऑफला गेली. तिथे किती फरकाने जिंकलात याला थेट किंमत होती. एनबीएच्या नेहमीच्या सीझनमध्ये ती जवळपास नाहीच, टायब्रेकरच्या, म्हणजे दोन टीमचा रेकॉर्ड सारखा झाला तर वर कोण हे ठरवायच्या नियमांच्या, यादीत पॉइंटचा फरक अगदी तळाला असतो, त्यामुळे तिकडे कोणी त्याच्याकडे बघायला जात नाही. पण टीम नेमकी किती चांगली खेळतेय हे सांगायची ताकद त्यातच जास्त आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण २०१०-११ ची मायामी हीट. लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश येऊन ड्वेन वेडला मिळाले, सगळ्या जगाचं लक्ष, आणि नोव्हेंबर संपता संपता टीम कुठे, तर ९-८! डॅलसमध्ये हरले त्या रात्री टाइमआउटला बेंचकडे येताना लेब्रॉनचा खांदा कोच स्पोल्स्ट्राला लागला, त्यावर दिवसेंदिवस चर्चा झाली, कोच बदला, टीमचा प्रेसिडेंट आणि जुना कोच पॅट रायली याला परत खाली बेंचवर आणा वगैरे. आता त्या सतरा मॅच जरा उघडून बघा. मिनेसोटाला १२९-९७ ने हरवलं, ओरलँडोला ९६-७०, फीनिक्सला १२३-९६. आणि हरले कसे? यूटाकडून ओव्हरटाइममध्ये ११६-११४, मेम्फिसकडून ९७-९५, न्यू ऑर्लिन्सकडून ९६-९३. आठपैकी चार पराभव पाच किंवा त्याहून कमी पॉइंटचे. म्हणजे जिंकायचे तेव्हा धुऊन काढायचे आणि हरायचे तेव्हा बऱ्याचदा थोडक्यात. सगळा हिशेब घातला तर दर मॅचला जवळपास सहा पॉइंटने पुढे असलेली ही टीम होती, आणि लोक तिला ९-८ वाली टीम म्हणत होते.

एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवायला हरकत नाही, पूर्ण सीझनमध्ये मार्जिनचा एक पॉइंट म्हणजे साधारण अडीच विजय. शून्य मार्जिनवाली टीम ४१ जिंकते, सहावाली ५५-५६ च्या आसपास. हीटने त्यानंतरच्या २२ पैकी २१ मॅच जिंकल्या, सीझन ५८-२४ ने संपवला आणि फायनल गाठली.

याच्या उलटही होतं. २०२१-२२ मध्ये वॉशिंग्टन विझर्ड्स १०-३ होते, ईस्टमध्ये (लीगच्या दोन भागांपैकी एकात) वर. पण त्यातली इंडियानाविरुद्धची मॅच ओव्हरटाइममध्ये १३५-१३४, बॉस्टनविरुद्धची दोन ओव्हरटाइमपर्यंत गेलेली. अशा मॅच जिंकणं ही कमाईच आहे, ती कोणी काढून घेत नाही, पण तोच शेवटचा बॉल रिंगवरून बाहेर पडला असता तर आपण वेगळंच बोलत असतो. शेवटी विझर्ड्स ३५-४७ वर थांबले. त्यांचा मुख्य खेळाडू बील याची मनगटाची दुखापत वगैरे कारणं होतीच, तरी १०-३ बघून ज्यांनी त्यांना थेट मोठ्या टीममध्ये बसवलं त्यांनी थांबायला हवं होतं. थोडक्यात जिंकलेल्या मॅच दर महिन्याला तशाच थोडक्यात जिंकता येत नाहीत, वर्षानुवर्षं हेच दिसलंय.

वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या मॅच, खेळायला आले होते ते आठवत असेल, पहिली मॅच पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने घेतली, शाळेची पोरं भरली होती स्टँडमध्ये. त्यानंतर सीझन सुरू झाला आणि पेसर्स ०-३, किंग्ज ०-५. मुंबईहून परत गेलेल्या दोन्ही टीम एकदम ढेपाळल्या, नुसता रेकॉर्ड बघून असंच वाटणार. पण पेसर्स हरले ते ९, ११ आणि २ पॉइंटने, तेही त्यांचा स्टार ओलाडीपो दुखापतीमुळे बाहेर बसलेला असताना. किंग्ज फीनिक्सकडून २९ ने आणि यूटाकडून ३२ ने हरले. दोन्हीकडे भोपळाच, पण एक टीम कमी पडत होती आणि दुसरीची दाणादाण उडत होती. कोविडमुळे छोट्या झालेल्या त्या सीझनमध्ये पेसर्स ४५-२८ ला संपले आणि किंग्ज ३१-४१ ला. मला हे उदाहरण फार आवडतं कारण दोन्ही टीम आपल्याच शहरात एकाच कोर्टवर खेळून गेल्या होत्या.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की चला, रेकॉर्ड सोडा आणि फक्त मार्जिन बघा. तसं अजिबात करू नका, कारण सुरुवातीला मार्जिनही बेफाम थापा मारतं. डिसेंबर २०२० घ्या, तो सीझन उशिरा सुरू झालेला. क्लिपर्स लेकर्सविरुद्ध ७ ने जिंकले, मग डेन्व्हरविरुद्ध १३ ने जिंकले, त्याच मॅचमध्ये कवाय लेनर्डच्या तोंडाला लागलं म्हणून तो पुढची खेळला नाही, आणि त्या पुढच्या मॅचमध्ये डॅलसने त्यांना १२४-७३ असं तुडवलं. हाफटाइमलाच ७७-२७, पन्नास पॉइंटचा लीड, एनबीएच्या इतिहासात हाफटाइमला एवढा लीड तोपर्यंत कोणीच घेतला नव्हता. आता हिशेब करा. क्लिपर्स २-१, मार्जिन दर मॅच उणे दहाच्या पुढे. डॅलस त्याआधीच्या दोन्ही मॅच हरलेली, एक ४ ने आणि एक २३ ने, म्हणजे १-२, आणि मार्जिन दर मॅच अधिक आठ! त्या दिवशी कोणी नुसतं मार्जिन बघून लिहिलं असतं की डॅलस जबरदस्त आणि क्लिपर्स तळाला जाणार, तर काय झालं असतं? क्लिपर्सनी ७२ पैकी ४७ जिंकल्या, डॅलसने ४२, आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडमध्ये क्लिपर्सनी डॅलसला ४-३ ने घरी पाठवलं.

म्हणून मार्जिन बघायचंच, पण आधी ते सोलून बघायचं. पहिलं काम म्हणजे सगळ्यात मोठी एक मॅच बाजूला काढायची आणि उरलेल्यांत काय दिसतं ते बघायचं. शेवटच्या सहा-सात मिनिटांत बेंचवरची पोरं खेळत असताना पंचवीसचा लीड पस्तीस झाला काय आणि पंधरा झाला काय, त्यातून मेन टीमबद्दल काही कळत नाही. त्यात २०२३ पासून नोव्हेंबरमध्ये एनबीए कपचे (सीझनमध्येच होणाऱ्या वेगळ्या स्पर्धेचे) ग्रुप सामने असतात आणि तिथे टायब्रेकरला पॉइंटचा फरक थेट धरतात, त्यामुळे जिंकलेली टीमसुद्धा शेवटपर्यंत बास्केट मारत राहते, त्या मॅचचा फरक जरा फुगलेला असतो हे धरूनच चालायचं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट. समोरची टीम दर मॅचला तुमच्यावर समजा ३५ थ्री मारते. लीगमध्ये साधारण ३६ टक्के जातात. पण पहिल्या सहा-सात मॅचमध्ये योगायोगाने समोरच्यांचे ४२ टक्के गेले, तर दर मॅचला दोन बास्केट जास्त, म्हणजे सहा पॉइंट. सहा पॉइंट म्हणजे वरच्या ठोकताळ्याने पंधरा विजय! अख्ख्या टीमचं नशीब बदलेल एवढा फरक, आणि तुमच्या डिफेन्सने त्यात चांगलं-वाईट फार काही केलेलंच नसतं, समोरच्याने किती थ्री घ्यावेत यावर डिफेन्सचा ताबा असतो, घेतलेला बॉल आत जातो का नाही यावर फारच कमी. म्हणून डिफेन्स गंडलाय असं म्हणण्याआधी समोरच्यांचा थ्रीचा टक्का बघा. तो ४० च्या वर असेल तर गप्प बसा, दोन आठवडे थांबा. उलट टर्नओव्हर (हातातला बॉल समोरच्याकडे जाणं) जास्त होतायत, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचा बॉल) सुटतायत, समोरच्याला फ्री थ्रोवर फ्री थ्रो दिले जातायत, असं असेल तर मात्र काळजी करायला जागा आहे, कारण त्या सवयी असतात आणि त्या इतक्या सहज जात नाहीत. नागपाड्यात कोर्टच्या कडेला उभे असलेले जुने लोक मॅच बघताना हेच बघतात, बॉल कोण हरवतोय, बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने अडवणं) कोण करत नाहीये, स्कोअर नंतर विचारतात.

घर-बाहेरचं थोडक्यात सांगतो, घरच्या कोर्टचे दोन-तीन पॉइंट धरायचे आणि दहापैकी सात मॅच घरी झाल्या असतील तर घरच्या प्रत्येक मॅचमधून तेवढे वजा करून आणि बाहेरच्या मॅचमध्ये तेवढे मिळवून बघायचं. बस.

नेट रेटिंग म्हणून जो आकडा दिसतो तो हेच मार्जिन, फक्त दर १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल ताब्यात असतानाची एक पाळी) काढलेलं, कारण काही टीम धावत खेळतात आणि काही शांतपणे, त्यांचे पॉइंट तसेच समोरासमोर ठेवणं बरोबर नाही. बघायचं असेल तर तोच बघा, वाचायची पद्धत तीच.

आता अशीही वेळ येते की रेकॉर्ड आणि मार्जिन दोन्ही वाईट असतात आणि तरी दोन्ही चुकतात. २०२४-२५ चे पेसर्स १०-१५ होते, डिसेंबर उजाडलेला, मार्जिनही उण्यात. नेमहार्ड आणि नीस्मिथ दुखापतीने बऱ्याच मॅच बाहेर होते, म्हणजे ते आकडे ज्या टीमचे होते ती टीम पुढे एप्रिल-मेमध्ये खेळलेलीच नाही. शेवट ५०-३२, आणि थेट फायनल, ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सातव्या मॅचपर्यंत. वाटेत त्यांनी दुसऱ्या राउंडमध्ये क्लीव्हलँडला ४-१ ने काढलं, ज्या क्लीव्हलँडने तोच सीझन १५-० ने सुरू केला होता! त्यामुळे कुठलाही आकडा बघताना त्या मॅचमध्ये कोण खेळलं आणि कोण सूटबूट घालून बेंचवर बसलं होतं, हे आधी बघायलाच लागतं.

आणि रेकॉर्डला कमी लेखू नका हेही तितक्याच कळकळीने सांगतो. मार्जिन कितीही छान असलं तरी प्लेऑफमध्ये जागा रेकॉर्डवर मिळते. २०२२-२३ चे लेकर्स २-१० ने सुरू झाले. फेब्रुवारीत ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करून टीम बदलली, नंतर मस्त खेळले, पण ती दहा पराभवांची सुरुवात भरून काढता काढता ४३-३९ पर्यंतच पोचले. प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची मॅच, खेळावी लागली, मिनेसोटाविरुद्ध ओव्हरटाइमला जाऊन सातवा नंबर मिळाला, आणि मग मेम्फिस, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, तिन्ही सिरीज समोरच्याच्या घरी सुरू झाल्या. पहिल्या दोन काढल्या. तिसरीत डेन्व्हरने ४-० ने संपवलं, त्यातल्या पहिल्या दोन मॅच डेन्व्हरलाच झाल्या, एक सहा पॉइंटने गेली, दुसरी पाचने.